घाटखोकला

"कोण हाय ती कर्जतवाली? नाव सांगा भावजी, नाव! आजच्या आज जाऊन तिच्या झिंज्या न्हाई उपटल्या तर बापाचं नाव लावणार न्हाई!"

अनुसया आमच्या दारात उभी राहून ओरडत होती आणि तिच्या हातात तिच्या नवऱ्याचा पंचा गार्डाच्या बावट्यासारखा फडकत होता. लोणावळ्याच्या रेल्वेचाळीतली झाडून सगळी माणसं ओट्यावर जमली होती. बाईचा आवाजच असा, की त्या दिवशी खंडाळ्याच्या केबिनवाल्यानं गाडी आली समजून सिग्नल पाडला होता म्हणतात. म्हणणारा मीच. मी दाढीचा साबण तोंडाला फासून बसलो होतो, तो तसाच बाहेर आलो.

"कसली कर्जतवाली, वहिनी?"

"मला इचारता? रोज जोडीनं कर्जतला कोण जातं, मी? ह्यो डाग बघा. पानाचा हाय. घरात ह्या माणसानं जल्मात पान खाल्लं न्हाई. सुपारीनं चक्कर येती म्हणे! आन् तितं कुणी इडा लावून दिला की बरी चक्कर येत न्हाई!"

तिच्या मागं धोंडिबा उभा होता. धोंडिबा म्हणजे तिचा नवरा आणि माझा फायरमन. मान खाली, हात पाठीशी, चेहरा पेरू चोरताना सापडलेल्या माणसाचा. चाळीला तमाशा फुकटात मिळाला होता. कोणीतरी मागून म्हणालं, "वहिनी, कर्जतवालीला पानात कात कमी घालायला सांगा, डाग पडत नाही." हशा पिकला. मीही हसलो. मग पंचा हातात घेतला आणि बघितला.

डाग धुतलेला होता. घाईघाईनं, पुरुषाच्या हातानं धुतलेला. पानाचा डाग धुतला की कडेनं पिवळट होतो. हा तपकिरी पडत चालला होता.

आता हा तमाशा इथं जरा थांबवून ठेवतो, कारण घाट ठाऊक नसलेल्या वाचकाला त्या डागातलं काही कळायचं नाही.

या अंकाचे संपादक मला म्हणाले, "तुमचा जीवनप्रवास लिहा." माझा जीवनप्रवास कर्जत ते लोणावळा आणि लोणावळा ते कर्जत. जवळजवळ उभा जन्म मी एवढ्यातच वरखाली केला. तर ही चढण अशी, की पुढचं एक इंजिन गाडी ओढून आणू शकत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं लावत. पुढचं ओढी, मागची ढकलीत. या ढकलणाऱ्या इंजिनाला बँकर म्हणतात आणि मी बँकरचा ड्रायव्हर. मेलच्या पुढच्या इंजिनावर गोरा साहेब, रुमालानं घाम टिपत. ऐट त्याची, धूर आमचा. घाटात बोगद्यामागून बोगदे. पुढच्यानं सोडलेला धूर आत कोंडून आमचीच वाट बघत बसलेला, त्यात आमच्या इंजिनाची भर.

एकदा मी मोठ्या बोगद्यात डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि विसरलो. पुढच्या खेपेला ती तिथंच सापडली, धुरावर ठेवलेली, अधांतरी. यावर विश्वास ठेवू नका. पण बोगद्यात शिरण्याआधी पंचा बादलीत बुचकळून नाकातोंडाला बांधायचा आणि इंजिनाच्या पत्र्यावर गुडघे टेकून बसायचं, कारण श्वास घेण्याजोगी थोडी हवा फक्त तळाशी उरते, यावर ठेवा. फायरमनला तेही सुख नाही. त्यानं उभं राहून भट्टीत कोळसा मारायचा. थांबला तर गाडी थांबली, आणि बोगद्यात गाडी थांबली तर सगळ्यांचंच थांबलं.

त्यामुळे आम्ही सगळे खोकत असू. त्याला आम्ही नाव ठेवलं होतं घाटखोकला, आणि पदक मिळाल्यासारखा तो मिरवत असू. लोणावळ्याला पोचलो की पाण्याच्या खांबाशी उभं राहून छाती फुटेस्तोवर खोकायचं. बेडका काळा कुळकुळीत पडला की "आलं, आतलं बाहेर आलं!" म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकायचा. ज्याचं काळं पडत नसे त्याचीच आम्हाला काळजी. "ह्याच्या आत साठतंय," म्हणायचो आणि त्याला दुप्पट गूळ द्यायचो.

चाळीतल्या बायका खोकल्यावरून नवरा ओळखीत. शेडकडून खोकला ऐकू आला की ज्याचा त्याच्या घरी आंघोळीचं पाणी चुलीवर चढे. माझा खोकला भोंग्यासारखा, लांबून ऐकू येणारा. धोंडिबाचा दोन तुकड्यांत, मध्ये दम घेऊन. एवढंच काय, त्याच्या लग्नाची बोलणी करायला मी भाजे गावाला गेलतो, तेव्हा अनुसयेच्या बापानं जमीन विचारली नाही, घर विचारलं नाही.

"पोरगा खोकतो का?" म्हणाला.

"आबा, असा खोकतो की तुमच्या लेण्यांतली वटवाघळं उठतील."

"मंग पक्का हाय नोकरीत," म्हणाला आणि सुपारी फोडली. पुढं मांडवात धोंडिबाला सुपारी खाल्ल्यावर चक्कर आली, हेही त्याच लग्नातलं.

आणि गंमत बघा, आमच्या गावाला दुनिया येत होती ती हवेसाठी. तुंगार्लीच्या बंगल्यांतून मुंबईचे शेटलोक शाली गुंडाळून व्हरांड्यात बसलेले असायचे. "अशक्तपणा आहे" म्हणून बंगला घ्यायचे, कारण क्षय म्हटलं की मालक किल्ली देत नसे. असा एखादा शेट फलाटावर बारीकसा खोकला की आम्ही पलीकडून सगळे मिळून खोकून दाखवायचो. शेट घाबरून दुसऱ्या टोकाला जायचा. त्यांचा खोकला म्हणजे आजार आणि आमचा म्हणजे काम, इतका साधा हिशेब होता. तो चुकीचा असेल असं आमच्या मनातही आलं नाही.

दवाखान्यात आमचे डॉक्टरसाहेब होते. गोल, घामट, लोण्यासारख्या मनाचा माणूस. सगळ्या घाटाला एकटा पुरणारा. धरणं झाल्यापासून डास मावळात वतनदार होऊन बसले होते. ताप म्हटला की हिवताप आणि हिवताप म्हटला की क्विनाईन. खोकल्याला काळं मिक्श्चर. बेडका कसा पडतो ते विचारायचे. काळा म्हटलं की मान हलवायचे. छातीला नळी लावून म्हणायचे, "तुम्हा लोकांची छाती मी काय तपासणार! आत इंजिनच चालू असतं. दहा जणांना नळी लावली तरी एकच गाडी ऐकू येते."

धोंडिबाला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, तेव्हा त्याला क्विनाईन मिळालं. अंग उतरलं, तेव्हा चाळ म्हणाली, बायकोला पोर झालंय, झोप मिळत नाही. खोकला वाढला, तेव्हा गूळ वाढला. फावडंभर कोळसा मारायला त्याला दोनदा दम घ्यावा लागायचा, तेव्हा मी त्याला शिव्या घालत होतो. प्रेमाच्या, पण शिव्याच.

"मेल्या, भाकरी खातोस का नुसती हुंगतोस?"

"वस्ताद, पावडं जड झालंय," तो म्हणायचा. त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. बैलामागं चाललेल्या बापाच्या पोरानं एवढं मोठं जनावर हाकायचं, एवढाच त्याचा ध्यास.

मग घाटात विजेची इंजिनं आली. तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिल्या दिवशी आम्हाला बोगद्यात बोगदा दिसला! इतकी वर्षं आत-बाहेर करून मला ठाऊक नव्हतं की बोगद्याला भिंती असतात. एका कोनाड्यात तर एक घुबड बसलेलं दिसलं, ते आमच्याकडे असं बघत होतं की भाडं मागतंय की काय. धूर नाही, राख नाही, कोळसा नाही. फायरमनचा झाला असिस्टंट, आणि त्यातून पुढं ड्रायव्हर. धोंडिबाची निवड झाली. त्या दिवशी त्यानं अख्ख्या चाळीला पेढे वाटले.

बघता बघता एकेकाचा खोकला गेला. आधी तरण्यांचा गेला, मग आम्हा थेरड्यांचाही. चाळीत हाहाकार! नवरे मुकाट्यानं घरी येऊ लागले आणि कोणाच्याच चुलीवर पाणी नाही. आमच्या कुटुंबानं मला सांगितलं, "लांबून थोडं खोकत या की, तुमचं काय जातं!" सगळ्या चाळीत पाणी वेळेवर तापायचं ते एका धोंडिबाच्या घरी. आम्हाला हेवा वाटायचा.

"धोंड्या, विजेचा धूर खातोस काय रे?"

"जुना माल हाय वस्ताद. निघतोय हळूहळू."

डॉक्टरसाहेबही तेच म्हणाले. वर्षानुवर्षं साठलंय, निघायला वेळ लागणार. सवयीनं विचारलं, "बेडका कसा?" धोंडिबानं सवयीनं सांगितलं, "काळा." आणि काळं मिक्श्चर घेऊन आला.

नव्या इंजिनावर एक कडक नियम होता, आत थुंकायचं नाही. साहेबानं दारातून वाकून थुंकायलाही बंदी केली होती. सगळ्यांचे खोकलेच गेले होते, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटलं नाही. धोंडिबा मात्र पंच्यात थुंकत होता. वाफेच्या इंजिनावर त्या पंच्यावर कोळशाचा इतका थर असायचा की त्यात शेंदूर सांडला असता तरी कोणाला दिसला नसता. आता पंचा पांढरा होता, बेडकाही काळा राहिला नव्हता, आणि त्याच्यातलं लाल पहिल्यांदा दिसलं.

तर पुन्हा आमच्या दारात या.

मी पंचा घडी करून काखेत धरला. "वहिनी, कर्जतवाली कोणी नाही," म्हटलं.

"तुमी त्यांचीच बाजू घेणार."

"धोंडिबा, हे कधीपासून?"

"दाताचं हाय वस्ताद. दात हालतोय एक."

"तोंड उघड."

त्यानं उघडलं. ऊस सोलावा तर त्या दातांनी! एक हलेल तर शपथ. चाळीतला हशा कधी थांबला ते कळलं नाही. अनुसया त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघत राहिली.

"मंग कशाचं हाय?" तिनं विचारलं. इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते हे चाळीला त्या दिवशी कळलं.

मी तोंडावरचा साबण तसाच पुसला आणि धोंडिबाला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. मागून अनुसया, कडेवर लेक. डॉक्टरसाहेबांनी आधी थट्टा केली, "काय वस्ताद, मोर्चा?" मी पंचा टेबलावर उलगडला. मग त्यांनी थट्टा केली नाही. नळी लावली, पुढून, पाठीवरून, काखेत. बराच वेळ. मग मला म्हणाले, "सदरा काढा." मला कळेना. माझ्या छातीला नळी लावली. पुन्हा धोंडिबाला. पुन्हा मला.

"तुमची छाती गप्प आहे," ते मला म्हणाले. "घाटातल्या माणसाची गप्प छाती मी कधी ऐकलीच नव्हती."

म्हणजे काय, ते मी माझ्या भाषेत सांगतो. शेडमध्ये दहा इंजिनं वाफ धरून उभी असली तर एकाचा बिघाड कानानं कळत नाही. बाकीची नऊ बंद करावी लागतात. आमची नऊ बंद झाली होती.

बेडका पुण्याला तपासायला गेला, धोंडिबाही गेला, छातीचा फोटो निघाला. उजव्या फुप्फुसात भोक होतं. क्षय. आजकालचा नव्हे, चांगला जुना. डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा आधीचा फायरमन होता, तो कुठं असतो?"

"तो गावी गेला साहेब. घाटखोकल्यानं वारला."

ते खुर्चीत बसले. त्यानंतर त्यांनी दवाखान्यात एक रीत पाडली: घाटात काम केलेला कोणीही खोकत आला, कितीही जुना असो, की त्याला पांढऱ्या मुलाम्याच्या भांड्यात थुंकायला लावायचं आणि बेडका पुण्याला पाठवायचा. गावोगाव परतलेल्यांना निरोप धाडून बोलावून घेतलं. काही आले. काहींच्या घरचेच आले.

धोंडिबाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. उजेड, हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं. त्याच्यावर आणखी एक उपाय केला, तो ऐकून मला डॉक्टर लोकांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. बरगड्यांच्या फटीतून सुई घालून आत हवा भरायची आणि त्या हवेनं दुखरं फुप्फुस दाबून झोपवायचं, म्हणजे त्याला विसावा मिळतो. इंजिनाचा एक सिलिंडर बिघडला की आम्ही काय करतो? तो बंद करायचा आणि दुसऱ्यावर हळूहळू शेडपर्यंत यायचं. हेच की! तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दोन वर्षं आधी आणलं असतंत तर सिलिंडर बंद करायची वेळ आली नसती."

मी भेटायला जायचो. गेलो की घुबडाची गोष्ट, टोपीची गोष्ट सुरू. एकदा धोंडिबा हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, खोकल्याबरोबर लाल आलं, आणि नर्सबाईंनी मला दाराबाहेर काढलं. "पुन्हा त्याला हसवलंत तर आत सोडणार नाही," म्हणाल्या. "खरं काय ते बोला." तेव्हा पुढच्या भेटीत मी जन्मात पहिल्यांदा सगळा वेळ खरं बोललो. कोणाची बदली झाली, कांदा कसा झाला, लोणावळ्यात पाऊस किती. धोंडिबाला गाढ झोप लागली.

इकडं चाळीत अनुसयेकडं कोणी जाईना. नळावर तिची घागर लागली की बायका आपल्या घागरी मागं घ्यायच्या. लेकीला तिनं भाज्याला आईकडे पाठवलं. मायलेकींच्या छात्या तपासून झाल्या होत्या, दोघींना काही नव्हतं, डॉक्टरसाहेबांनी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. तरी जे येत ते उंबऱ्यापर्यंत येत, बाहेरूनच "बरं आहे ना?" विचारत आणि जात. तिनं कोणाशी भांडण काढलं नाही. चाळ इतकी शांत झाली की मला करमेना.

धोंडिबा जिवंत आला. गालावर मांस, डोळ्यांत पाणी. लेक त्याला ओळखेना, आजीच्या पदराआड गेली. तो हसला, जपून, तोंड मिटून. चार पावलं चालला की थांबायचा. इंजिनावर चढण्याजोगा राहिला नव्हता, आणि तसा शेरा द्यायचं काम आमच्याच डॉक्टरसाहेबांकडं आलं. त्यांनी दिला. दुसरं काय देणार?

त्याला मळवलीजवळच्या फाटकावर नेमलं. भाज्याची वाट तिथूनच जाते. गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. ज्या गाड्या तो हाकणार होता, त्यांना बावटा दाखवायचा. कधीमधी पुण्याकडं गाडी न्यायची पाळी आली की मी तिथं शिटी जरा जास्त वाजवायचो. तो बावटा जरा जास्त हलवायचा.

डॉक्टरसाहेबांची बदली झाली, तेव्हा जाण्याआधी ते मला म्हणाले, "वस्ताद, माझ्याबरोबर फाटकावर चला. एकट्याचं धाडस होत नाही." गेलो. धोंडिबाच्या फाटकाजवळच्या खोलीबाहेर उन्हात अनुसया तांदूळ निवडत होती, लेक दगडांची गाडी गाडी खेळत होती. धोंडिबा दारात आला. साहेब उंबऱ्याबाहेरच थबकले. टोपी काढून हातात घेतली. वाटेत त्यांनी बरंच काही जुळवलं असावं, पण त्यातलं एकच निघालं.

"धोंडिबा, माझं चुकलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मला वाटलं, आता अनुसया उठणार आणि तिचा तो आवाज पुन्हा ऐकू येणार. निदान धोंडिबा तरी म्हणेल, साहेब, तुमी देवमाणूस, तुमचं कसं चुकंल? ती निवडत राहिली. धोंडिबानं दम घेतला, दाराची कडी सोडून बाजूला सरला आणि म्हणाला,

"व्हय, चुकलं तुमचं. आत या, बसा."